गाढवाच्या मागून चालणारी माणसं

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘गाढवांच्या स्पर्धेत भाग घेण्यासाठी.’ साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि ‘घरगुती कारण’ असं लिहून आणायला सुचवलं. मी म्हटलं, घरगुतीच आहे की, गाढव आमच्या घरचंच आहे. अर्ज तसाच मंजूर झाला आणि शुक्रवारी दुपारी मी पुण्याहून मंचरची एसटी पकडली.

मंचरहून जीपने लोणीला पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. आमचं माहेर कुंभाराचं. मडकी माझ्या लहानपणीच मागे पडली, पुढे विटा आल्या. आता दादाची एक लहानशी भट्टी आणि चिमी नावाची एकच गाढवी उरली आहे. महिन्यापूर्वी भट्टीवरून पाय घसरून दादाचा उजवा हात मोडला, तो अजून प्लास्टरमध्ये होता. त्याची दोन्ही मुलं चाकणला कंपनीत आहेत. ती चिमीला विकायच्या मागे लागली होती. ट्रॅक्टरच्या जमान्यात गाढव ठेवलं की लोक नावं ठेवतात, असं त्यांचं म्हणणं.

दादाने त्यांना तोडगा सांगितला होता. ओझरला शनिवार-रविवार गाढव-खेचरांचा मेळावा भरणार होता. जनावरांच्या डॉक्टरांची कुठलीशी संस्था तो भरवत होती. तिथली ओझ्याची फेरी चिमीने पार पाडली आणि ‘कामास योग्य’ असा कागद मिळाला, तर ती घरी राहील. नाही मिळाला, तर तिथेच व्यापाऱ्याला द्यायची. व्यापारी लांबून येतात, टेम्पो भरून जनावरं नेतात आणि पुढे त्यांचं काय होतं ते कुणी विचारत नाही. हात मोडल्यामुळे दादा स्वतः फेरीत उतरू शकत नव्हता, मुलांना लाज वाटत होती. म्हणून मी. धाकट्या भाच्याने फोनवर समजावून पाहिलं की आत्या, या वयात लोक हसतील. छप्पन्न वर्षं मी हसू न देता काढली होती, त्यामुळे एक दिवस हसले तर हसू देत, असं मी त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी टेम्पो निघाला. हौद्यात चिमी, तिच्या शेजारी स्टुलावर मी, पुढे ड्रायव्हरजवळ दादा. दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे, मधेच उसाचे फड, आणि नारायणगाव जवळ आलं तशा द्राक्षांच्या बागा. पश्चिमेला धुरकट डोंगरांची रांग दिसत होती. नारायणगावात विघ्नहरासाठी झेंडूचा हार घेतला आणि हौद्याच्या दांडीला अडकवला. ओझर येईपर्यंत चिमीने अर्धा हार खाऊन टाकला. दादा म्हणाला, दुसरा घेऊ. मी उरलेला अर्धाच देवाला वाहिला. ज्याला उंदीर चालतो त्याला गाढवाचा उष्टा हार चालायला हरकत नव्हती.

मेळावा गावाबाहेर एका पडीक रानात होता. एक मांडव, पाण्याची पिंपं, कर्णा, आणि चाळीसेक जनावरं. भट्ट्यांवरची गाढवं, वाळूवरची गाढवं, दोन-चार उंच खेचरं (गाढव आणि घोडीची पैदास, अंगाने घोडा आणि स्वभावाने बापावर गेलेली). एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चिमीचे खूर बघितले, छातीला नळी लावली, तोंड उघडलं. दादाने आधीच सांगून टाकलं, “अखंड हाय.” अखंड म्हणजे सगळे दात आलेलं, भरात असलेलं जनावर. बाईंनी मान डोलावली, तब्येत उत्तम असल्याचं लिहिलं आणि पाठीवर एकही जखम नाही म्हणून दादाचं कौतुक केलं. दादा लाजला. गाढवावरून त्याचं कौतुक झालेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या शेजारच्या खुंटाला हौसाबाई होत्या. डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांची वाडी. भात आणि नाचणी पिकते, एसटी आली तर येते. तिथून वर दळण, खत, सिमेंट, सगळं त्यांच्या एका गाढवाच्या पाठीवर चढतं. दुपारी मांडवात मासवडी आणि रस्सा होता. (मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून तिला माशाचा आकार देतात.) हौसाबाईंनी रस्सा दोनदा मागून घेतला आणि मलाही घ्यायला लावला. आणलेल्या भाकरीतली चतकोर त्यांनी आधी गाढवाला घातली, मग आपण खाल्ली.

जेवणानंतर कर्ण्यावरून नियम वाचून दाखवले. परीक्षक म्हणून पुण्याहून एक साहेब आले होते, आयुष्यभर घोड्यांत वावरलेले, पाठ ताठ, बोलणं अदबीचं. दोन वाळूच्या गोण्या पाठीवर, फळीचा पूल, पाण्याचा चर, पिंपांमधली वळणं आणि शेवटी खडीचा चढ. पाचवा नियम असा होता, की माणसाने जनावराच्या डोक्याजवळ, डाव्या अंगाला दोर धरून चालायचं. मागून चालायचं नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग चिमीकडे.

हे इथे नीट सांगायला हवं. आमच्या गाढवांना दोर माहीत नाही. गाढव पुढे, माणूस मागे. वाट त्यांना पाठ असते. जिभेने टाळूवर दोनदा टक् केलं की चल, एक लांब हुंकार दिला की थांब. माणूस गाढवाच्या पुढे फक्त एकदाच येतो, गोण्या उतरवताना. तेव्हा तो तोंडाशी उभा राहतो आणि गाढवाने दगडासारखं निश्चल उभं राहायचं असतं, नाहीतर विटा अंगावर येतात. चिमीला दादाने हे इतकं पक्कं शिकवलं होतं, की माणूस तोंडापुढे आला की ती हलत नाही म्हणजे नाही. आणि आता त्याच शिस्तीवर ती नापास होणार होती.

मी साहेबांना जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नियमामागचं कारणही सांगितलं, ते खोटं नव्हतं. मागून चालणारे लोक काठ्या मारतात, टोचतात. त्यांनी तसल्या जखमा पुष्कळ पाहिल्या होत्या. ते थांबवण्यासाठीच हा नियम आहे म्हणाले. मी म्हटलं, मग मारणाऱ्याला बाद करा. त्यांनी नियम सगळ्यांना सारखा असतो असं सांगितलं आणि चहा विचारला. चहा मी घेतला नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर मी चिमीला दोराने चालवायचा प्रयत्न केला. गोंजारलं, गूळ दाखवला. गूळ तिने खाल्ला आणि गोण्या उतरवायची वाट बघत उभी राहिली. हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“मानूस पुढं आन् गाढव मागं, अशी वरात आमी कदी पायली न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “तिला वाट समजती, तुमाला न्हाई. मग पुढं कुनी चालायचं?”

रविवारी अकरा वाजता आमचा नंबर पुकारला. दोरीपलीकडे गर्दी होती, सगळ्यांत पुढे पांढरे बूट घातलेला एक व्यापारी, भाच्यांनी ज्याच्याशी आधीच बोलणी करून ठेवली होती तो. पाठीवर गोण्या चढवल्या. मी नियमाप्रमाणे डाव्या अंगाला गेले, दोर धरला आणि एक पाऊल टाकलं. चिमी उभी. मी ओढलं. चिमी उभी. तिने मोठ्या मायेने माझ्याकडे पाहिलं, की घे, उतरव. लोक हसायला लागले. कुणीतरी विचारलं की यातला स्पर्धक कोण आहे. कर्ण्यावरचा मुलगाही हसला, ते साऱ्या रानाला ऐकू गेलं.

मला राग आला. हसण्याचा नाही. जे जनावर शिकवलेलं सगळं बिनचूक करत होतं त्याला चारचौघांत मूर्ख ठरवलं जात होतं, आणि दोर धरून मीही त्यात सामील होते, याचा राग आला. साहेब घड्याळ बघत म्हणाले, निघायला एक मिनिट उरलंय.

मी दोर चिमीच्या मानेवर टाकला. काठी दादाकडे होती, ती तिथेच राहिली. दोन्ही रिकामे तळहात वर करून मी साहेबांना दाखवले, मग कमरेमागे बांधले, चिमीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि टाळूवर दोनदा टक् केलं.

चिमी निघाली.

फळीपाशी तिने खाली वास घेतला, एक खूर ठेवून फळी जोखली आणि टकटक करत पार झाली. पिंपांमधून ती अशी वळत गेली की गोणी एकाही पिंपाला घासली नाही. पाण्याच्या चराशी मात्र थांबली. मीही थांबले. मागून कुणीतरी ओरडलं की हाणा तिला. मी हात सोडले नाहीत. गाढव थांबतं तेव्हा ते विचार करत असतं, हे माझ्या बापाने मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. चिमीने पाण्याकडे बघितलं, पलीकडच्या काठाकडे बघितलं, आणि पाय टाकला. खडीच्या चढावर मला धाप लागली, तिला नाही. वरच्या खुणेपाशी मी लांब हुंकार दिला आणि ती जागच्या जागी थांबली. गोण्या बोटभरही सरकल्या नव्हत्या.

टाळ्या पडल्या. मग कर्ण्यावरून सांगितलं, “पाचव्या नियमाचा भंग. स्पर्धक बाद.”

मी साहेबांपाशी गेले. त्यांना म्हटलं, “नियम तिला मार बसू नये म्हणून होता ना? मग तिला मारलं कुणी?” त्यांनी नियमांचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, फेरी सुंदर झाली, पण कागद देता येणार नाही. मी त्यांना नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता, नियमाला बांधलेला होता. त्यांच्याही तोंडापुढे कुणी उभं राहिलं असावं.

पुढचा नंबर हौसाबाईंचा. त्यांचं गाढव दोराने चालत होतं, आदल्या संध्याकाळी माझं झाल्यावर त्यांनी एकदा चालवून पाहिलं होतं. मैदानात येऊन त्यांनी दोराची गुंडाळी केली, गाढवाच्या मानेला बांधली, पदर खोचला आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. फेरी पुरी करून त्याही बाद झाल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी विचारलं, तुम्ही कशाला? त्या म्हणाल्या, आपल्याला काय, वाडीवर कागद कोण वाचतंय.

पण आमच्या घरी कागद वाचला जाणार होता. व्यापारी आलाच. दादाला म्हणाला, ठरल्याप्रमाणे सांजेच्या आत भरून नेतो. आणि दात बघायला त्याने चिमीच्या जबड्याला हात घातला. दादा भांडणारा माणूस नाही. आयुष्यभर ज्याने जे सांगितलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दादाने प्लास्टरचा हात व्यापाऱ्याच्या आणि चिमीच्या मधे घातला.

“दात बघू नका. इकायची न्हाई.”

व्यापाऱ्याने आठवण करून दिली, की ती नापास झाली, पोरांना शब्द दिलाय.

“फेरी केली का न्हाई तिनं? साऱ्यांनी बघितली,” दादा म्हणाला. “माझी पोरं हितं न्हवती. मी व्हतो.”

व्यापारी खांदे उडवून पुढच्या खुंटाकडे गेला. दादा चांगल्या हाताने चिमीची मान खाजवत राहिला. हौसाबाईंनी आम्हा दोघांना उरलेली भाकरी दिली आणि पावसाळ्याआधी वाडीवर यायचं बोलावणं केलं. पाण्याच्या टाकीचं सामान वर चढवायचंय, एका गाढवाने होणार नाही म्हणाल्या. दादाने येतो म्हटलं.

परतीला टेम्पोवाल्याने आम्हाला लोणीच्या वेशीपाशीच उतरवलं, त्याला कांद्याच्या गोण्या भरायच्या होत्या. अजून चांगलं ऊन होतं. वेशीपाशी दोन वाटा फुटतात. एक गावातून जाते, दुकानांसमोरून, बड्या बागायतदारांच्या ओट्यांसमोरून. दुसरी ओढ्याकडून वळसा घालून आमच्या आळीला येते. आमची गाढवं पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याकडून गेली. तसा नियम कुणी कुठे लिहिला नव्हता, कुणी कर्ण्यावरून वाचला नव्हता. शाळेतल्या मुलींना दिसू नये म्हणून मीही लहानपणी त्या वाटेवर खूश असायचे. त्याची लाज मला आज वाटते.

चिमी सवयीने ओढ्याकडे वळली. मी तिच्या मागोमाग वळणार तोच दादा म्हणाला, “सरळ घे तिला.”

आम्ही वेशीतून आत गेलो. पुढे चिमी, मागे दादा, त्याच्यामागे मी, रस्त्याच्या मधोमध. दुकानांतली माणसं बघत होती. एका ओट्यावरून कुणीतरी विचारलं, “काय राव, नंबर आला का?”

“बाद झालो,” दादा न थांबता म्हणाला, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या ओट्यावरही ऐकू जावं. “तिघंबी.”