साइटवर ‘खाली’ म्हणायचं नाही

दादाला झाडानं मारलं नाही.

हे आधी लिहिते, कारण कालपासून फोन करणारा प्रत्येक जण तेच विचारतोय. कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की बागलीत क्रेनवरून झाड सुटलं आणि ऑपरेटर दबला.

झाड सुटलं नाही. हार्ट अटॅक होता. केबिनमध्ये, सीटवर बसल्या बसल्या.

कृपा करून ते फॉरवर्ड करणं थांबवा. त्याचं नाव खराब होतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझा मोठा भाऊ देवासमध्ये क्रेन चालवायचा. स्वतःची क्रेन. कुणाच्या घरावर कललेलं, वाळलेलं, आतून पोखरलेलं मोठं झाड असलं की त्याला बोलावणं यायचं.

कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हे सुरू केलं तेव्हा आईनं अबोला धरला होता.

“बाबा कंपनीसाठी घरदार सोडून इथे आले, आणि हा कंपनी सोडून लाकडं उचलतोय!”

नंतर तीच शेजारणींना सांगायची, “आमचा मुलगा अख्खी चिंच घरावरून पलीकडे नेतो. कौल हलत नाही.”

आई-बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो.

काम असं असतं. आधी फांदीला पट्टा बांधून क्रेननं तिचा भार घ्यायचा. मग कापायची. मग ती तुकड्यातुकड्यानं छपरावरून उचलून मोकळ्या जागेत ठेवायची. झाड बहुतेक वेळा घराच्या मागे आणि क्रेन पुढे रस्त्यावर, त्यामुळे ऑपरेटरला पलीकडचं काही दिसत नाही. पलीकडून जो ओरडतो, त्याच्या आवाजावर सगळं.

दादासाठी ओरडायचा कमल. इथलाच, मालवी बोलणारा. दादाला भिया म्हणायचा, मला दीदी.

दोघांची जोडी नवी होती तेव्हाची गोष्ट. धरमपुरीत एका घरामागचं शिरीष काढत होते. मागच्या अंगणात खाटेवर पापड वाळत घातलेले आणि एक बाई ते उलटवत बसलेली. फांदी बरोबर तिच्या डोक्यावर लटकतेय.

कमल ओरडला, “भिया, खाली नी है!”

म्हणजे जागा मोकळी नाही.

दादानं आपल्या मराठी कानांनी ऐकलं ते फक्त “खाली”. आणि त्यानं फांदी खाली घेतली.

बाई ओरडण्यानं दचकून बाजूला पळाली म्हणून वाचली. खाटेचा आणि पापडांचा चुरा झाला.

त्या रात्री दादा जेवला नाही. मला म्हणाला, “अगं, एका शब्दानं माणूस मारला असता मी.”

दुसऱ्या दिवसापासून साइटवर “खाली” हा शब्द बंद. उतरवायचं असेल तर “उतार”. आणि माल जमिनीवर टेकला, पट्टा सुटला, की कमलनं ओरडायचं, “रिकामा!” ते ऐकलं की दादा हुक वर घ्यायचा.

त्याच्या टीममध्ये कुणालाच मराठी येत नाही. पण धारपासून बागलीपर्यंत ही पोरं छातीठोकपणे “रिकामाऽऽ” ओरडायची. मी हसायचे. म्हणायचे, “घरात एक मिनिट रिकामा बसत नाहीस, आणि दिवसभर लोकांकडून रिकामा म्हणवून घेतोस.”

“म्हणू दे. पापड तरी वाचतात,” तो म्हणायचा.

काल बागलीत कडुलिंब होता. शेवटचं खोड उरलं होतं, घरावरून आणायचं. घरात माणसं होती.

कमलनं मला दवाखान्याच्या बाहेर सांगितलं. मी तीनदा विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं.

“दीदी, भिया ने पेले लक्कड़ नीचे धरा। एकदम आराम से। मैंने पट्टा खोला, आवाज लगाई, रिकामा! हुक ऊपर नी गया। फिर आवाज लगाई। फिर मैं दौड़ के आगे गया।”

म्हणजे त्यानं खोड टेकवलं होतं. छातीत काय होत असेल त्याच्या तेव्हा, मला माहीत नाही. पण टेकवलं. ग्रुपवाल्यांनी हे वाचावं.

आज सकाळी दादाला घरी आणलं. दिवाणावर ठेवलं. घर गच्च भरलेलं. मला रडू येत नव्हतं, अजूनही आलेलं नाही. फ्रिजमध्ये त्यानं अर्धी कापून ठेवलेली पपई आहे, ती आज संपवायला हवी, हेच डोक्यात फिरत होतं.

धारच्या काकू आल्या. त्यांना सगळं रीतीनं लागतं. दारातूनच म्हणाल्या, “अरे, त्याला दिवाणावर काय ठेवलंय? खाली घ्या. आधी खाली घ्या.”

कमल दाराशी उभा होता. इतकी वर्षं जो शब्द बंद होता तो त्यानं ऐकला, आणि त्याला कळला तो त्याच्याच भाषेत.

“चलो रे भई, खाली करो। सब बाहर। काकीजी बोल रही हैं, खाली करो।”

आणि त्याच्या पोरांनी खरंच खोली खाली केली. शेजारी, नातेवाईक, गुरुजी, सगळे बाहेर. काकूसुद्धा. त्या “अरे, तसं नव्हे” म्हणेपर्यंत अंगणात पोचल्या होत्या.

खोलीत मी आणि दादा.

त्याला हे फार आवडलं असतं. पोट धरून हसला असता.

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. थंड होतं. कालपासून त्याच्याशी एक शब्द बोलायला मिळाला नव्हता, आणि आता बोलायला काही सुचेना. मग त्याच्या कानाशी वाकून तेवढंच म्हणाले. कमलनं दोनदा ओरडून सांगितलेलं, कदाचित त्याला ऐकू न गेलेलं.

मग काकू आत आल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खाली घेतलं.

दुपारी नेलं.

आता घरात मी आहे. पपई खाल्ली. तुमचे फोन घेत नाहीये, राग मानू नका.

नीट जा, दादा. खोड टेकलंय. पट्टा सुटलाय. घरातली सगळी माणसं सुखरूप आहेत.

रिकामा. हुक वर घे.