पप्पांना साधाच स्टेंट हवाय

आणि वर मलाच म्हणतात, तुला काही कळत नाही! मित्रांनो, स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की आमचे पप्पा स्वस्तातलंच बघणार. वाडीतल्या पंपाला भारी पाईप, काळजात मात्र साधा स्टेंट.

आज दुपारी ताईने विरारच्या हॉस्पिटलातून मला इथे मस्कतला व्हिडिओ कॉल लावला. पप्पांच्या हृदयाची नस बंद होत आलीय, ती उघडी ठेवायला आत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायचाय. डॉक्टर म्हणाले, "साधा स्टेंट पुन्हा बंद व्हायची भीती जास्त. औषध लावलेला चांगला, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या जास्त महिने घ्याव्या लागतील. एकही चुकवायची नाही."

"साधाच टाका," पप्पा म्हणाले.

मी ओरडलो, "पैशाचं मी बघतो ना!"

"पैशाचं कोण बोलतंय? तुझी आई गेली, ताई सासरी. बोळिंजच्या घरात मला गोळीची आठवण कोण करणार? तू?"

"रोज फोन करीन."

पप्पा हसले. "मागच्या महिन्यात किती केलेस?"

दोन.

तुमच्या घरी म्हाताऱ्यांना गोळी कोण देतं, सांगाल? ताईला म्हटलंय, औषधवाला स्टेंटच बसवायला लाव. पण संमतीची सही पप्पांनीच करायचीय. मी इथून पैसेच पाठवू शकतो. पाठवतोय, पन्नास हजार.