धुणार कोण?

शर्ट छापायच्या दुकानात प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या आणि किस्से सारखेच. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी टेबलाखाली पुन्हा ढीग! आमचं दुकान दारव्ह्यात, पण ऑर्डरी येतात मोबाईलवर, पार फुलसावंगीपासून. मालक गजूभाऊ छापायचे, मी घड्या घालून पार्सल बांधायची. बांधता बांधता जमलेले हे किस्से.

*

आधी ऑर्डरीच्या फॉर्मवर छपाईच्या पाच प्रकारांची नावं होती. डीटीएफ, व्हिनाईल, सब्लिमेशन, स्क्रीन प्रिंट, एम्ब्रॉयडरी. गिऱ्हाइकानं एकावर टिक करायची. राळेगावच्या कबड्डीच्या कॅप्टननं पाचही ठिकाणी टिक केली!

गजूभाऊंनी फोन लावला, तर म्हणतो, "सगळेच मारा ना भाऊ, एखादा तरी टिकन!"

*

एका ताईंनी विचारलं, "यातला चांगला कोणता?" झालं! छपाईचं कोणी विचारलं की गजूभाऊंचा चहा थंड झालाच समजा. शाई, फिल्म, प्रेस किती गरम, सगळं सांगितलं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मले लेकाच्या वाढदिवसाचा एक शर्ट पाह्यजे. कारखाना नाही टाकाचा!"

*

एकीनं थेट प्रिंटवरूनच गरम इस्तरी फिरवली. आम्हाला फोटो पाठवला. शर्ट कोरा, वाघ इस्तरीवर!

खाली लिहिलं होतं, "शर्ट राहू द्या, इस्तरी बदलून द्या."

*

त्या वाघानंतर गजूभाऊंनी कोणती छपाई कशासाठी याचा दोन पानी तक्ता केला. मला वाचायला दिला. मी सातवी शिकलेली. लाज वाटली, पण सांगून टाकलं, "भाऊ, मले काही समजलं नाही."

"मंग गिऱ्हाइकाले काय समजते! तूच लिही."

आणि दुकानाचा फोन महिनाभर माझ्या हाती दिला. एकही शर्ट परत आला नाही, तर फोन घरी न्यायचा, घरूनच ऑर्डरी घ्यायच्या. आला, तर पुन्हा घड्या! माझी परी दीड वर्षाची, दिवसभर शेजारच्या काकूंकडे. जेवली का, पडली तर नाही ना, म्हणून मी दुपारीच तीनदा फोन करते. मला ते घरचं काम पाहिजेच होतं.

मी पाचही नावं खोडली. तीन प्रश्न लिहिले. शर्ट किती? कापड सुती की चकचकीत? धुणार कोण?

"हे तिसरं काहून?" गजूभाऊ.

"भाऊ, शर्ट घालणाऱ्याच्या अंगावर नाही, धुणाऱ्याच्या हातात खराब होते!"

*

तिसऱ्या प्रश्नाला एकेक उत्तर यायचं. हळदीच्या शर्टवाले म्हणाले, "धुवाचेच नाही, हळद लागली की पोतेऱ्याले!"

यवतमाळच्या होस्टेलवरच्या पोरानं लिहिलं, "आई." मी विचारलं, किती दिवसांनी? "दिवाळीले घरी गेलो की."

*

मग फुलसावंगीचे एक दादा. पोळ्यासाठी अकरा सुती शर्ट, छातीवर एका रंगात बैलजोडी.

"धुणार कोण?"

"बायको."

"कशी धुते?"

बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग. मग एकच शब्द आला. "रागात."

मी डोळे मिटून स्क्रीन प्रिंट लिहिलं. सुती कापडात त्याची शाई धाग्यात मुरते.

*

महिना भरायला दोन दिवस राहिले होते. त्याच दादांचा मेसेज आला, "एक शर्ट परत पाठवून राह्यलो." मी तो चारदा वाचला. त्या दुपारी काकूंना फोन करायचंही सुचलं नाही.

पार्सल एसटीनं आलं. गजूभाऊंसमोरच फोडलं. कॉलर उसवलेली, काखेत फाटलेलं, दगडावर आपटून आपटून पाठीची चाळणी! छातीवरची बैलजोडी मात्र शिंगापासून खुरापर्यंत शाबूत.

आत चिठ्ठी होती, त्यांच्या बायकोची. "बैल चांगले आहेत. त्यांच्याखालचा शर्ट बदलून द्या."

गजूभाऊंनी चिठ्ठी दोनदा वाचली. शर्ट उजेडाला धरला. माझ्याकडे काही पाहिलं नाही. भिंतीतून फोनचा चार्जर उपसला, वायर गुंडाळली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"पोरीले चावू देजो नको."