हळद पकडणारं यंत्र

माझ्या मेव्हण्याइतका वस्तूंवर अविश्वास असलेला माणूस शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत दुसरा नसेल. माणसांवर त्याचा फार विश्वास, कपबशीवर अजिबात नाही. चहा ओतायच्या आधी तो कप नखानं वाजवतो, कानाशी धरतो आणि घरच्या बाईसमोरच सांगतो, "ह्याला आतनं तडा हाय." पुतणीसाठी तळेगाव ढमढेऱ्याला स्थळ बघायला गेलो, तर हा मुलगा बघायचं सोडून टाचेनं फरशी ठोकत घरभर फिरला. निघताना म्हणाला, "पोरगं चांगलं हाय. देवघरापुढची फरशी पोकळ हाय." लग्न झालं, संसार चांगला चाललाय. फरशी मात्र वर्षाच्या आत खचली.

मी चौथी शिकलेला, त्यामुळं खुटबावच्या ह्या मेव्हण्याची नोकरी मला त्यानं सांगितली तेवढीच कळते. जवानांच्या जाकिटात छातीवर एक पाटी असते, चिनी मातीच्या जातीची, पण पोलादाहून कडक. गोळी बसल्यावर तिच्या आत काय चुरा होतो, ते ह्यांची प्रयोगशाळा बघते. पाटीवर लेझरचा उजेड सोडायचा आणि परत येणाऱ्या उजेडावरून आतलं दुखणं ओळखायचं. यंत्र जुनं झालं होतं. साहेब म्हणाले, भंगारात घाला. हा अडून बसला, की त्यालाच नवा लेझर आणि परतीचा उजेड टिपणारा नवा डिटेक्टर बसवू, मी चालवून दाखवतो. बसवलं, आणि कुठलीही पाटी ठेवा, नुसती झळाळी; आतलं काही दिसेना. साहेबांनी आठ दिवस दिले. नाहीतर नवे भाग परत, यंत्र भंगारात आणि ह्याचा शब्द मातीत.

तेव्हा तो मांडवगणला माझ्याकडं आला. त्याची थोरली बहीण, म्हणजे आमची ही, जाऊन चार महिने झाले होते. चहा मीच केला. त्यानं कप न वाजवताच तोंडाला लावला, तेव्हा मला काळजी वाटली.

"नवं बसवल्यावर पयलं काय केलंस?" मी विचारलं.

"खंडेनवमी व्हती, दाजी. यंत्राला हळद-कुंकू वाह्यलं. मग फडक्यानं पुसलं की समदं."

"आन् त्या पाट्या कशानं पुसतोस?"

त्यानं कप खाली ठेवला. "त्याच फडक्यानं."

"आरं येड्या, हळद अशी जाती व्हय? माझं हळदीचं धोतर तुझ्या बहिणीनं जलमभर धुतलं. अजून पिवळं हाय."

चहा अर्धा टाकून तो उठला. जगातल्या प्रत्येक कपावर संशय घेणाऱ्यानं स्वतःच्या फडक्यावर कधी घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन आला. फडकं जाळलं, पाट्या स्पिरिटनं धुतल्या, झळाळी गेली. लेझरच्या उजेडात हळद चमकते म्हणे, जुन्या यंत्राला ती दिसलीच नसती. "वरनं धड दिसनाऱ्या पाटीतला चुरा पार कडंपत्तुर दिसला, दाजी. सायेब म्हनले, कणभर हळद धरनारं यंत्र भंगारात कोन घालंल? सही केली त्यांनी." तो हसत होता. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

फोन त्यानं हिच्याच नंबरवर लावला होता. चांगली बातमी आधी तिला, ही त्याची सवय. तो फोन मी रोज चार्ज करून ठेवतो.

"ताईला..." म्हणाला आणि थांबला.

"सांगतो," मी म्हणालो. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून.