शेवटच्या झाडाच्या वर

बोनकोड्याहून निघताना आईनं माझ्या बॅगेत मिठाची पुरचुंडी कोंबली. आमचं मिठागरवाल्यांचं घर. कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे औषध एकच.

"दादाच्या दगडाभोवती टाक. मीठ पडलं की काय उगवत नाय."

दादा माझा थोरला भाऊ. वीसेक वर्षांपूर्वी गढवालच्या डोंगरात ट्रेकला गेला आणि दरडीखाली सापडला. मित्रांनी तिथल्या शेवटच्या झाडाखाली त्याच्या नावाचा दगड उभा केला. 'त्याच्या वर एकपन झाड नाय, नुसतं आभाळ,' एवढ्यावर आई जगत आली. तेच डोळ्यांनी बघून यायला मी निघाले. तिचे गुडघे गेलेत.

चढ कसला, जीव काढतो! आधी देवदार, मग बुरांस, मग भूर्जाची पांढरी, वाकडी खोडं. मी जिच्याकडे उतरले होते ती विमलादीदी पुढे चालत होती. तिनं बांधून दिलेली मंडव्याची (नाचणीची) रोटी मी चढतानाच संपवली.

शेवटचं झाड आलं. पुढे नुसतं बुग्याळ (उंचावरचं गवताळ रान). झाडाभोवती फिरले, गवत उपसलं, नखं मोडली. दगड नाही. माझं डोकंच फिरलं. दादाच्या मित्रांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"दीदी, आखिरी पेड़ यही है ना?"

"अभी का यही है," ती म्हणाली. "आपके भाई के टाइम का तो नीचे रह गया. बरफ कम पड़ती है, तो पेड़ ऊपर चढ़ते हैं."

अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळले. धुकं भरलं होतं, आणि त्यात ती झाडं, आमच्या मागोमाग चढता चढता आत्ताच थबकल्यासारखी. एक पाखरू ओरडत नव्हतं.

दगड खाली, त्या झाडांतच होता. मघाशी मी त्याच्या शेजारून गेले होते, कळलंही नव्हतं. एका भूर्जाच्या मुळानं तो उचलून तिरका केला होता. दादाच्या नावावर शेवाळ, आणि वर बघावं तर फांद्याच फांद्या. मी भोकाड पसरलं.

मग पुरचुंडी सोडली, मूठ भरली. वारा पडलेला, तरी खोडाची सुटलेली साल हलत होती. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण हात थांबला तो त्यामुळे नाही. इतकी वर्षं दादाजवळ या झाडाशिवाय दुसरं होतं कोण? मीठ परत बांधलं आणि उतरले.

घरी पोचले तेव्हा आई गच्चीवर खाडीकडे तोंड करून बसली होती.

"वर झाड नाय ना?"

"नाय गं. नुसतं आभाळ," मी ठणकावून सांगितलं.

समोर आमचं जुनं मिठागर होतं. तिवरं (खारफुटीची झाडं) पूर्वी बांधापलीकडे असायची. आता अख्खं मिठागर त्यांनी भरलंय, उगवलीत ती मिठातच. आई रोज इथंच बसून ती बघते, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

तिनं माझी बॅग ओढली, चाचपली. धुक्यानं ओली झालेली पुरचुंडी बाहेर काढून मांडीवर ठेवली.

"मग मीठ का परत आनलंस?"