खंडेनवमीला काढलेला प्लग

कडेगावच्या रस्त्याला बाळासोंचं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाचे चरक तिथं तयार होतात, आणि तिथल्या एकुलत्या एका कंप्युटरवर स्वप्नाली डिझाइनचं काम करते. पोरगी कामाला वाघीण, पण घाई तिच्या पाचवीला पुजलेली. पेनड्राइव्हवरच फाइल उघडायची, तिथंच सेव्ह करायची आणि एसटी चुकायला नको म्हणून तो तसाच ओढून पर्समध्ये टाकायचा. मैत्रीण क्रांतीनं कितीदा बजावलं, पण ऐकते कोण!

बाळासोंचे चुलते आप्पासो. उभा जन्म त्यांनी लाकडी साचे घडवले. त्या साच्यांवरून फौंड्रीत बिडाची चाकं ओतली जायची. पुढं साच्यांना वाळवी लागली आणि आप्पांचे हातही थरथरू लागले. तेव्हा उन्हाळाभर आप्पा आणि स्वप्नाली कंप्युटरपुढं शेजारी बसली. "हितं जरा ढाळ दे पोरी, न्हाईतर साचा वाळूतनं निघायचा न्हाई," आप्पा सांगायचे, आणि ती पडद्यावर कडेला तेवढा उतार द्यायची. चरकाचं मोठं दातेरी चाक असं पुरं झालं, तेव्हा पोखरलेला साचा बंबात गेला. आपली आयुष्याची कमाई आता त्या कंप्युटरच्या डब्यात सुखरूप आहे, असं आप्पा येईल त्याला सांगायचे.

खंडेनवमीला हत्याराला काम लावायचं नाही, नुसतं पुजायचं, हा वर्कशॉपचा रिवाज. लेथला हार पडला, ड्रिलला कुंकू लागलं. कंप्युटर मात्र घुरघुरतच होता. आप्पांना ते बघवेना. त्यांनी सरळ भिंतीतला प्लग ओढला आणि वर झेंडूचा हार घातला.

दसऱ्यानंतर चाकाची फाइल उघडेना. फाइल खराब आहे, वाचता येत नाही, एवढंच पडद्यावर यायचं. बाळासोंना लगेच प्लग आठवला. सगळ्या कामगारांदेखत ते चुलत्याला नको ते बोलले, आणि आप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

स्वप्नालीनं जंग जंग पछाडलं. नव्या कोऱ्या फाइलमध्ये चाक आणून बघितलं, ते येईना. आपोआप राहणाऱ्या जुन्या प्रती शोधल्या, त्या कधीच पुसल्या गेल्या होत्या. अख्ख्या चरकाची फाइल उघडली, तर बाकीचे भाग आले आणि चाकाची जागा रिकामी. शेवटी फाइल लोणंदला असंच डिझाइनचं काम करणाऱ्या क्रांतीकडं पाठवली. तिचा फोन आला.

"स्वप्ने, फाइल अर्धीच हाय ही. आणि शेवटचं सेव्ह खंडेनवमीच्या आधीचं हाय. तारीख बघ की."

तिनं बघितलं आणि सगळं ध्यानात आलं. सेव्ह पुरं व्हायच्या आतच तिनं पेनड्राइव्ह ओढला होता, आणि दुसऱ्या दिवशी तीच अर्धी फाइल कंप्युटरमधल्या चांगल्या फाइलवर चढवली होती. आप्पांच्या प्लगचा काडीचा संबंध नव्हता.

हे तिनं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण बाळासोंचा राग तिनं डोळ्यांनी बघितला होता, तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू म्हणता दिवाळी गेली. आप्पांनी वर्कशॉपकडं येणंच सोडलं. आपल्या हातानं आपलं काम मातीत घातलं, असं ते घरात बसून म्हणतात, हे कानावर आलं तेव्हा तिला जेवण गोड लागेना.

मग ती बाळासोंपुढं उभी राहून सगळं बोलली. ते म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं." नवा साचा त्यांनी कधीच दुसरीकडून करून घेतला होता. तिथनं ती तडक आप्पांच्या घरी गेली आणि त्यांनाही सांगितलं.

आप्पांनी आत चहा टाकायला सांगितलं.

"लय गुणाची हायस पोरी. पर म्हाताऱ्याचं मन राखाय कशाला खोटं बोलतीस?"

"आवं आप्पा, खरंच. ही बघा तारीख." तिनं मोबाइल पुढं केला.

त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "मला काय कळतंय त्यातलं? आन् बाळासो मला बोलत हुता, तवा तू तितंच हुतीस. तुझी चूक असती, तर तुझ्यासारखी पोर गप बसली असती व्हय?"

"तवा मला ठावं नव्हतं आप्पा. पण कळल्यावरबी मी गप बसले."

आप्पा हसले, मान हलवली, आणि चहाचा कप तिच्याकडं सरकवला.