खून दिरानं केलाय

मखमलाबादच्या कलाबाई झेंडूची फुलं विकायच्या आणि संध्याकाळी शेजारच्या मंदाकडे मालिका बघायला जायच्या. अठ्ठ्याण्णव साली एकदा मालिकेतल्या नटीकडे बघून त्या म्हणाल्या, "ही सून खोटंच रडती. लय वाईट काम करती." मंदाने सगळ्या बायकांसमोर टीव्ही बंद केला. "फुकट बघायचं आणि वर नावं ठेवायची? ऊठ!"

कलाबाई उठल्या, पण त्यांनी तो अपमान गिळला नाही. पुढे एक खुनाचा सिनेमा आला. मंदा कधीपासून त्याची वाट बघत होती. कलाबाईंनी शुक्रवारी पहिलाच खेळ गाठला. रविवारी मंदा तिकीट घेऊन थिएटरच्या रांगेत उभी दिसताच त्या जवळ गेल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "खून दिरानं केलाय, मंदे. बघ आता निवांत!"

रांग खवळली. मंदा तिकीट चुरगाळून रडत घरी गेली. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. कलाबाईंना त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.